मांड सुटली नव्हती

…न्हाई न्हाई, मागनं नका जाऊ तिच्या. पुढनं या, तोंडाकडनं, अन् आदी हात हुंगू द्या. लाथ मारणारी न्हाई ती, पण अनोळखी माणूस मागनं आला का अंग थरथरवती, अन् मंग तुमाला वाटायचं घोडी बुजरी हाये. बुजरी न्हाई. साळुंकी म्हणत्यात तिला. उन्हात बगा, साळुंकीच्या पाठीवानी रंग हाये का न्हाई — म्हणून साळुंकी. पुण्याच्या रेसकोर्सवर तिचं काय तरी इंग्रजी नाव व्हतं, ते आमच्या कुणाच्या तोंडात बसंना, तवा आमच्या पप्पूनं हे ठेवलं. पप्पू म्हणजे मपलं पोरगं. बसा भाऊ, बाजंवर बसा, च्या टाकलाय. मालक येतीलच — सकाळधरनं गेल्याली लाईट आत्ता आली, म्हणून मोटार चालू करायला नदीवर पळाले, ऊस पार करपून चाललाय. धरण उशाला अन् कोरड घशाला, येडगावात ऱ्हायचं म्हणजे हे आसंच. जाताना मला बजावून गेलेत, घोडेगावकडचं पावणं येणारेत घोडी बघायला, त्यांना बसव, च्यापाणी दे, अन् घोडीचं चांगलं सांग. आता चांगलं सांग म्हणजे काय, चांगलीच हाये ती. वाईट सांगायला तिनं कुणाचं काय वाईट केलंय?

खाण्यात लबाड न्हाई. कडबा टाका, मकवान टाका, हरभऱ्याचं भुसकाट टाका — मान खाली घालून खाती. पोरंसोरं पोटाखालनं पळत्यात, हूं का चूं करत न्हाई. अन् पळण्याचं म्हणाल तर ते मला ईचारू नका, म्या गाडे पळवायची चढण, तो घाटच बघितला न्हाई कधी. खरंच सांगते. गाडामालकाची बायको, एवढा जलम ह्या घरात गेला, पण बैलगाडा पळतानाची एक बारी डोळ्यानं बघितली न्हाई. आमच्यात बायांनी घाटाकडं जायचंच न्हाई — जत्रा आली का देवळात जायचं, वटी भरायची, अन् घरी येऊन पोळ्या लाटत बसायचं. तिकडनं हलगी ऐकू यायची, स्पीकरवाला बोंबलायचा, त्यावरनं आमी वळखायचो, आपला गाडा सुटला. गाड्यावर माणूस नसतो, पुढं घोडी, घोडीवर आपलं पोरगं, अन् मागं चार बैल तिला धरायला निघाल्यावानी — हे समदं मला ऐकून ठावं. पापणी लवायच्या आत घाट चढून जात्यात म्हणं. तेवढ्या एका पापणीसाठी वरीसभर मपल्या हातचं कालवण खाऊन ह्या अंगणात गप्पा हाणायचे समदे. घाटातली घोडी गड्यांनी बघितली, भाऊ. बारी झाल्यावर घरी आल्याली घोडी म्या बघितली. म्हणून तर… जाऊ द्या. च्या उतू जातोय वाटतं.

घ्या. साखर बेताचीच टाकलीय. …म्हणजे ह्याच जत्रेला पळवायची का तुमाला? चैतातच? हां. अन् बसणार कोण तिच्यावर? काई जण दुसऱ्याचं पोरगं बसवत्यात, म्हणून ईचारलं. …घरचाच. तुमचा पोरगा? थोरला का… एकुलता. शाळंत जातो का? …सोडली. आमच्यानंबी सोडली व्हती. गाडामालकाच्या घरात मिसरूड फुटली का शाळा सुटतीच. तुमचं अन् मालकांचं जमंल बगा, त्यांनी बी हसत हसतच सांगितलं व्हतं समद्यांना, माझ्या पोरानं शाळा सोडली म्हणून. …न्हाई, नाव नका सांगू मला त्याचं. नको. नाव कळलं का तोंड दिसायला लागतं माणसाला.

तो रेडिओ व्हय? पप्पू लावतो. त्या खिडकीच्या खोलीत असतो तो, झोपूनच असतो. मालकांनी फोनवर तुमाला सांगितलं नसंल. …सांगितलं? काय सांगितलं? …हां, तेच. तेच सांगत्यात समद्यांना. "घोडीत खोट न्हाई, बसणाऱ्यात व्हती. मांड सुटली पोराची." गावात सांगत्यात, बेल्ह्याच्या बाजारात सांगत्यात, अन् हितं अंगणात, ह्या खिडकीम्होरं उभं ऱ्हाऊन बी सांगत्यात. आवाज बारीक करायचा न्हाई. तुमी जाणता भाऊ, घोडीवर बसणाऱ्याला मांड सुटली, मांड्यांची पकड ढिली पडली म्हणणं म्हणजे काय ते. लेकीला नांदली न्हाई म्हणावं, तसं हाये. कंबर मोडलीय माझ्या लेकाची. कंबरंखालचं त्याला काय कळत न्हाई, कूस बदलायला दोन माणसं लागत्यात — एक मी अन् एक शेजारचा चांगदेव. बाप येत न्हाई. पडल्यापासनं त्या खोलीचा उंबरा वलांडला न्हाई त्यांनी. डाक्टर, औषध, गादी, समदं आणलं, कशाला कमी केलं न्हाई, खोटं कशाला बोलू — पण दारातनं माझ्या हातात द्यायचं अन् माघारी वळायचं. तो पडला त्यानंतर दोन जत्रा झाल्या, पण एका घरात बापल्योकात शबूद न्हाई. लई वाईट वाटतं भाऊ. दोघांचं बी ताट मीच वाढते, अन् एकाला दुसऱ्याचं कसं जेवण झालं ते सांगायची बी चोरी.

कसा पडला? वरच्या अंगाला, घाट संपल्यावर. बारी झाली व्हती, निशाण पडलं व्हतं, लोकं फेटे उडवत व्हती. आता घोडीला हळू करायची अन् बाजूला घ्यायची एवढंच ऱ्हायलं व्हतं. तर तिनं मान खाली घातली, गुडघे मोडले, अन् गेली खाली. मागनं चार बैल अन् गाडा. गाड्यावर माणूस असता तर त्यानं कासरा तरी वढला असता. …त्यात मांड कुठं सुटली, तुमीच सांगा. घोडी खाली गेली, मंग पोरगं गेलं. घोडी उभी असती अन् पोरगं पडलं असतं, तर मांड सुटली. …काय? घोडी का गेली खाली? …ठेच लागली आसंल. जनावराला ठेच लागत न्हाई का. तुमी च्या घ्या, गार झाला पार.

…

एकुलता म्हणलात ना तुमी? …बाज जरा हिकडं वढा. अजून. खिडकीपासनं लांब. हां, आता बसा.

घोडी घरी यायची ती गुलालात न्हाल्याली. डोळे सोडले तर समदं लाल, तोंड लाल, नाक लाल. पोरं नाचत्यात, हलगी वाजतीय, अन् ती मधी उभी, मान खाली घालून. म्या पाण्याची बादली म्होरं धरायची, तर पाण्याला तोंड लावायची न्हाई. खोकायची. कोरडा खोकला. अन् गिळायची. भाऊ, तोंडात घास न्हाई, काई न्हाई, अन् गिळतीय — थांबतीय, परत गिळतीय. आमी बाया चारचौघांत रडू आलं का गिळतो, तसं. म्या म्हणायची कडब्याची धस आडकली आसंल घशात, अन् गुळात तूप कालवून चाटवायची. ते बी चाटायची बिचारी, मला बरं वाटावं म्हणून. अन् पप्पू त्या दिवशी पोळीला हात लावायचा न्हाई. गाडा पैला आला तरी न्हाई. मालक म्हणायचे, दमलाय गडी. दुसऱ्या दिवशी त्याचा पटका म्या कॅनॉलवर धुवायला न्यायची — डोक्याचा, पांढरा पटका. गुलाल कसा, वाहत्या पाण्यात धरला का सुटतो, लांब लाल रेघ जाती पाण्यावरनं. तो जायचा. पण मधी मधी एक डाग ऱ्हायचा, तपकिरी, घासून घासून खांदे दुखायचे तरी जायचा न्हाई. म्या म्हणलं पोरगं पान-तंबाखू खायला लागलं, तोंड पुसतंय पटक्याला. शिव्या घातल्या त्याला. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतल्या, "व्हय आई, खाल्लं व्हतं पान" म्हणला. माझा पोरगा सुपारीचं खांड बी खात न्हाई.

तर ज्या दिवशी तो पडला, समदी पुण्याला दवाखान्यात. मला न्हेलंच न्हाई, तू येऊन तिथं काय करणार म्हणले. घोडी कुणी तरी आणून ह्या लिंबाला बांधून गेलं, गुडघे फुटल्याले, नाकाला रगत. दुसऱ्या दिवशी जनावराचा डाक्टर आला, जवान पोरगा, आदी रेसकोर्सवरच्या घोड्यांत काम केल्याला. गुडघे शिवले त्यानं. मंग नाक ओल्या फडक्यानं पुसलं अन् लई येळ बघत ऱ्हायला. म्या म्हणलं पडली ना, म्हणून फुटलं आसंल. तो म्हणला नाकाला, तोंडाला कुठं खरचटल्यालं सुदिक न्हाई. मंग म्या म्हणलं घोळणा फुटला आसंल, ऊन का कमी हाये — आपल्यात माणसाचा घोळणा फुटला का कांदा हुंगवत्यात, टाळूवर पाणी मारत्यात, तेच करायला म्या निघाली, कांदा सुदिक फोडला. तर म्हणला, मावशी, बसा जरा. घोळणा न्हाई हा. दोनी नाकपुड्यांतनं आलंय, ते छातीतनं आलंय. घोडं जीव तोडून पळालं का फुप्पुसातल्या बारक्या शिरा फुटत्यात. नाकातनं दिसतं ते लई थोडं, कवा कवा दिसत बी न्हाई, आतल्या आत ऱ्हातं अन् घोडं ते गिळून टाकतं. मंग मला ईचारतो, शर्यतीवरनं आल्यावर खोकती का? गिळती का सारखी? …मी काय सांगू तुमाला. म्हणजे ती धस नव्हती. म्हणजे तो पटक्याचा डाग पानाचा नव्हता.

म्या ईचारलं, औषध काय? म्हणला तिकडं पळायच्या आदी इंजेक्शान देत्यात, पण त्यानं कमी व्हतं, थांबत न्हाई. रेसकोर्सवाले नळी घालून बघत्यात, म्हणून त्यांना कळतं, अन् मंग अशी घोडी ते काढून टाकत्यात. तशीच ही आली आसंल तुमच्याकडं. हिला चालवा, फिरवा, म्हातारी व्हऊ द्या, पण घाटात घालू नका. श्वास कोंडला का कवा खाली बसंल ते तिचं तिला कळणार न्हाई. येवढं बोलला अन् फटफटीवर बसून गेला. चांगला व्हता. पण घरात मी एकटी, त्यानं सांगितलं ते एकटीनं ऐकलं.

…

रेडिओ बंद झाला.

ऐकताय ना? त्यानं बंद केला. हात पोचतो त्याचा. …पप्पू? …न्हाई बोलत. आता न्हाई बोलत म्हणजे सांग म्हणतोय का गप ऱ्हा म्हणतोय, मला कधी कळलं न्हाई त्याचं, ल्हान व्हता तवापासनं तसाच. पण वराडला न्हाई. नको आसतं तर वराडला आसता. आता निम्मं सांगून थांबले तर तुमी आपलं ठेच धरून बसाल. सांगते.

दवाखान्यात मला मागनं न्हेलं. मालक खाली गेले तवा म्या त्याच्या कानाशी जाऊन ईचारलं, पप्पू, पटक्याचा डाग कशाचा रं व्हता? त्यानं डोळे मिटले. बापाला दादा म्हणतो तो. म्हणला, "आई, दादांच्या कानावर घालू नको. माझी शपथ हाये तुला." त्याला पैल्या जत्रेपासनं ठावं व्हतं. वर पोचला का उडी मारायचा, लोकं धावत यायच्या आदी पटक्यानं तिचं नाक पुसायचा, अन् वरनं मूठभर गुलाल फासायचा. जत्रेत लाल नाक कोण बघतंय? का केलं आसंल त्यानं — तर तुमाला आमचे मालक ठावं न्हाईत. त्यांचा एकच कायदा, खोट दिसली का बाजार दाखवायचा. एक बैल जरासा लंगडला, तर हळद लावून बघू म्हणायच्या आत बेल्ह्याच्या बाजारात उभा. अन् रगत टाकणारी घोडी बाजारातनं कुठं जाती ते तुमी जाणता, मी तोंडानं कशाला म्हणू. पोराचा जीव जडला व्हता तिच्यावर. तिला वाचवायला त्यानं रगत लपवलं, अन् लपवलं म्हणून तिला पळवावी लागली. एकदा बापाला म्हणला व्हता, दादा, ही जत्रा सोडू का आपण, तर बाप चारचौघांत म्हणला, बांगड्या भर मंग. झालं. बांगड्या म्हणलं का गड्यांचं डोकंच चालायचं थांबतं.

अन् त्याच्या आदी, शुद्धीवर आला तवा मालक उशाशी. ते बी तीन रोजात जेवले नव्हते, डोळे लाल झाल्याले. म्हणले, त्या घोडीला मी आज जित्ती ठेवत न्हाई. खरं सांग, ती पडली का तू पडलास? कुऱ्हाड घालणार व्हते तिला, तसा माणूस हाये, मंग मागनं रडला आसता. अन् माझ्या लेकानं, कंबर मोडल्याली, नाकात नळी, त्यानं काय सांगितलं — "दादा, घोडीचा दोष न्हाई. माझी मांड सुटली." बस. घोडी वाचली. अन् बाप गेला त्याचा.

आता बगा कसं झालं. घोडीत खोट न्हाई आसं पप्पूनंच सांगितलंय, म्हणून मालक बिनघोर तिला पळायची घोडी म्हणून विकत्यात. त्यांची चूक न्हाई, त्यांना ती चांगलीच वाटती. बैल विकले, गाडा विकला, आता हिला कशाला बांधून ठेवायची म्हणत्यात. ज्या खोट्यानं तिला जगवली त्याच खोट्यानं ती परत घाटात चाललीय, अन् ह्या येळंला वर तुमचं पोरगं. पप्पूला सकाळी कळलं तुमी येणार म्हणून. भाकरीला शिवला न्हाई. रोज ती गजातनं तोंड घालती आत, अन् तो गुळाचा खडा धरतो तिच्याम्होरं. आज खडा बी धरला न्हाई, तिच्या कपाळाला कपाळ लावून पडला व्हता नुसता. मला म्हणला, "आई, त्यांच्यात बसतं कोण, तेवढं ईचार." ईचारलं म्या. ऐकलं त्यानं.

…मालकांना खरं सांगा म्हणता? शपथ मोडू का? दादांच्या कानावर घालू नको म्हणलाय तो. पावण्यांच्या कानावर घालू नको आसं काय म्हणला न्हाई, म्हणून तुमाला सांगितलं. अन् सांगितलं तरी काय व्हणार, फुप्पुसातलं रगत म्हणलं का मालक म्हणणार, हॅ, घोळणा हाये, कांदा हुंगवा. अन् समजा पटलंच. मंग हे बी पटणार का पोराला ठावं व्हतं, पोरानं बापाला फशिवलं. मांड सुटली हे परवडलं वो त्यापरीस. मंग तर जन्मात उंबरा वलांडायचे न्हाईत.

भाऊ, एक ऐका माझं. मालक आले का तुमी घोडीभवती फिरा, फिरत्यात तसं. दात बगा, खूर बगा. अन् आयाळ उचला. आयाळीखाली, हिकडच्या अंगाला, केसांचा भवरा हाये. भवरा समद्याच घोड्यांना असतो कुठं ना कुठं, बघणाऱ्यानं वाईट म्हणलं का वाईट. तुमी म्हणायचं, हा भवरा खोडीचा हाये, बसणाऱ्याच्या मुळावरचा. एवढंच म्हणायचं, अन् मान हालवायची. पोरगी बघायला येत्यात, पोहे खात्यात, अन् पत्रिका जुळत न्हाई म्हणून उठत्यात का न्हाई — तसंच. फुप्पुस मालकांना पटणार न्हाई, भवरा पटंल. ते भवऱ्याला भित्यात. अन् लंगडा बैल ते बाजारात उभा करतील, पण खोडीचं जनावर दुसऱ्याच्या दावणीला बांधायचे न्हाईत. सासऱ्यांची शिकवण हाये ती, पीडा लोकाच्या घरी धाडली का दुप्पट व्हऊन माघारी येती, जिची तिनं सांभाळायची. म्हणजे ती हितंच ऱ्हाईल. मी चारीन तिला. …घेताना का न्हाई बघितला म्हणतील? न्हाई म्हणणार. रेसकोर्सची घोडी म्हणून भुलले व्हते, आयाळ उचलायचं कुणाला सुचतंय.

…व्हय, खोटंच हाये. पण ह्या घरात खऱ्याला बसायला जागाच ऱ्हाईली न्हाई, तर काय करू? …अन् अजून एक. ते मी बोलणार न्हाई. …न्हाई, बोलतेच. घोडी खोडीची निघाली तर मांड सुटली न्हाई ना माझ्या पोराची. घोडीतच व्हतं ते. मंग बापाला आत जायला… सायकल वाजली. आले ते. मी काय बोलले न्हाई तुमच्याजवळ. तुमाला शपथ घालत न्हाई, शपथांनी लई केलंय आमच्या घरात. तुमचं पोरगं डोळ्याम्होरं आणा, अन् वाटंल ते करा.

आलात? पाणी धरलं का उसाला? …परत गेली लाईट? कर्म आपलं. हे पावणं कवाचे आलेत. …च्या झाला ना, दोनदा झाला. …मी काय बोलणार वो, पावसापाण्याचं बोलत व्हतो. घोडीचं चांगलं सांगितलं, तुमी म्हणलात तसं. उठा पावणं, बगा तुमी, आता मालक आलेत. पाय उचलून बगा, काई करत न्हाई ती.

…दात बघितले ना? …हां.

…काय म्हणलात? कुठं? …मला बाईला काय कळतंय त्यातलं. अहो, तुमी बगा की ते काय म्हणत्यात. …आसंल साधा भवरा. समद्यांनाच असतो. …मुळावर? कुणाच्या मुळावर, पावणं? …आसं नका बोलू वो, घरात पोरगं पडलंय माझं. …अहो. अहो, बसा खाली. पाणी आणू का? …सोडा ती आयाळ आता, किती येळ बघणार. न्हाई दिसला तवा, न्हाई दिसला. तुमच्या एकट्याच्या डोळ्यांचं काय हाये त्यात, मला तरी कुठं दिसला. …पावण्यांना सांगून टाका मंग, जमत न्हाई म्हणून. …अहो, कुठं निघालात? …पायात चिखल हाये तुमच्या. …जाऊ द्या, जावा. तसंच जावा.

…गप. बोलू नका काई.

आत गेले. …त्या खोलीत गेले, भाऊ.

…"पप्पू" म्हणले. दुसरं काय न्हाई, नुसतं नाव घेतलं. …तो काय म्हणतोय ते ऐकू येत न्हाई मला. …न्हाई, नकोच ऐकायला. खरं सांगंल, खोटं सांगंल, त्याचं त्याला सांगू दे.

तुमी निघा. हात नका जोडू, मीच जोडायचे ते ऱ्हाऊन गेले. निघा. अन् तुमची फटफटी हितं चालू करू नका, रस्त्यापतूर ढकलत न्या.